प्रतिसाद: जोड ग्रीन तोडू नका

वर विचारलंय की सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हे गोल्फचं मैदान गेममध्ये बनवताना जोड ग्रीनचे (ग्रीन म्हणजे होलाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, जोड म्हणजे दोन होलांना मिळून एकच) दोन वेगळे ग्रीन केले तर चालतील का. नका हो! तिथे १८ होलांना ग्रीन ११च. त्यातल्या ७ ग्रीनवर दोन-दोन झेंडे, आणि जोडीतल्या होलांची बेरीज दरवेळी १८: २ नि १६, ५ नि १३. स्वतंत्र ग्रीन फक्त १, ९, १७ आणि १८ यांना. ते अवाढव्य ग्रीन तोडलेत की लांबलचक पटची, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलाकडे घरंगळवायच्या फटक्याची, सगळी मजाच गेली.

मला खरा घाम फोडला तो बंकरांनी, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांनी. लायडारचा (लेसरने मोजलेल्या जमिनीच्या उंचीचा) डेटा आणून ओतला, जमिनीचे चढउतार छान उमटले, पण पॉट बंकरांच्या (लहान, खोल बंकरांच्या) उभ्या भिंती वितळलेल्या मेणबत्तीसारख्या! सतराव्याचा रोड बंकर शेवटी हातानेच खणला, तोही तीनदा. आता चेंडू आत गेला की कधीकधी उलट्या दिशेने मारून बाहेर यावं लागतं. तसाच हवा.

अठराव्याच्या ग्रीनपुढचा व्हॅली ऑफ सिन हा खळगा मात्र जपा. तिथे जमीन सपाट करणारा स्मूद ब्रश एकदा फिरवलात की तो गायब. (माझा झाला होता, आणि सेव्हही करून बसलो होतो.)