मदत हवी आहे: आई-बाबांसोबत चार्ल्स्टन

नमस्कार मंडळी! ऑक्टोबरात शार्लटहून गाडीने साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्स्टनला जातोय. सोबत पुण्याहून आलेले आई-बाबा आणि आठ वर्षांची लेक.

बाबांना इतिहासाचं भयंकर वेड. १२ एप्रिल १८६१ ला फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं, हे सगळं वाचून झालंय. समुद्रातला किल्ला म्हटल्यावर जंजिऱ्याशी तुलनाही सुरू आहे. प्रश्न आईच्या गुडघ्यांचा. किल्ल्यावर जाणाऱ्या बोटी लिबर्टी स्क्वेअर आणि पेट्रियट्स पॉइंट, दोन्हीकडून सुटतात. चढ-उतार कुठे सोपा पडेल?

दुसरं, गॅड्सडेन्स वॉर्फवरचं आफ्रिकन अमेरिकन म्युझियम, २०२३ मध्ये उघडलेलं. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांची जहाजं जिथे लागायची, त्याच जागी ते उभं आहे. ते बघायचंच, नुसते रेनबो रोच्या रंगीत घरांसमोर फोटो काढून परत यायचं नाही. पण आठ वर्षांच्या मुलीला कितपत जड जाईल? कुणी मुलांना नेलंय का? प्लँटेशन (गुलामांच्या कष्टांवर चालणारा जुना मळा) एकच जमेल: मॅक्लाउड की मिडल्टन प्लेस? बाग साधी असली तरी चालेल, तिथे राबलेल्यांची गोष्ट नीट सांगणारं हवं.

आणि जेवण! जिथे बघावं तिथे श्रिम्प अँड ग्रिट्स (कोळंबी आणि मक्याच्या भरड्याची लापशी). आई पक्की शाकाहारी (अंडंही नाही), तिच्यासाठी सिटी मार्केटच्या आसपास काही आहे का?

मोठ्या भरतीला डाउनटाउनच्या रस्त्यांवर पाणी येतं म्हणे. मग मुक्काम नदीपलीकडे माउंट प्लेझंटला केलेला बरा का?