नोटेशन न येता व्हँगेलिस सिनेमाचा संगीतकार झाला कसा?

संध्यासूर:
व्हँगेलिसबद्दल वाचतोय सध्या. ग्रीसमध्ये बँडमध्ये की-बोर्ड वाजवणारा पोरगा, मग गायक डेमिस रूसोसबरोबर ॲफ्रोडाइट्स चाइल्ड हा बँड, आणि १९८२ मध्ये थेट 'चॅरियट्स ऑफ फायर' सिनेमाच्या संगीतासाठी ऑस्कर. नोटेशन, म्हणजे सुरांची लिपी, लिहिता-वाचता येत नव्हतं म्हणे. मग सीनचं टायमिंग वगैरे जमवायचा कसं? आणि एवढा चाललेला बँड सोडला कशाला? नीट माहिती असेल त्यांनी सांगा ना.

जुनी_कॅसेट:
बँडचं सांगतो. १९६८ ला पॅरिसला आले आणि 'रेन अँड टिअर्स' युरोपभर गाजलं, सगळ्यांना तसलीच गाणी पाहिजे होती पण व्हँगेलिसच्या डोक्यात भलतंच चाललेलं, बायबलमधल्या प्रकटीकरणावर '६६६' नावाचा डबल अल्बम करायला घेतला. तो १९७२ ला बाहेर आला तोपर्यंत बँड फुटलेला होता. त्याच सुमारास फ्रेडरिक रोसिफच्या प्राण्यांवरच्या फ्रेंच मालिकेला त्याने संगीत दिलं. तिथे गायक नाही, तीन मिनिटांचं बंधन नाही, समोर फक्त चित्र. माझ्या मते खरं वळण हेच, ऑस्कर फार नंतरचं.

पट्टी_काळी_चार:
टायमिंगचं उत्तर म्हणजे तो लिहायचाच नाही, वाजवायचा. १९७५ पासून लंडनला त्याचा नेमो स्टुडिओ होता, चारी बाजूंनी की-बोर्ड, समोर फिल्म लावायची आणि बघता बघता वाजवत जायचं, बरेचदा पहिला टेकच ठेवायचा. बँडमध्ये आपण समोरच्या ड्रमरकडे बघून वाजवतो ना, तसं हा पडद्याकडे बघून वाजवायचा.
त्यात यामाहा सीएस-८० हा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारा की-बोर्ड) त्याच्यासाठीच बनल्यासारखा. पट्टी दाबल्यावर आणखी जोर दिला की त्याच सुराचा आवाज बदलतो, म्हणजे प्रत्येक बोटाचा वेगळा, आणि वर सूर घसरवायला एक लांब रिबन. त्यानेच संगीत दिलेल्या 'ब्लेड रनर' सिनेमाच्या सुरुवातीला शहर दिसतं तिथे तो पितळी आवाज हळूहळू फुगत जातो बघा, तो बोटाच्या दाबाने आणलेला आहे. हे कागदावर उतरवायचं म्हटलं तरी कसं उतरवणार? मी स्वतः की-बोर्ड वाजवतो म्हणून हे ऐकताना दरवेळी अंगावर काटा येतो.

जुनी_कॅसेट:
+१. आणि 'चॅरियट्स ऑफ फायर'ची गोष्ट १९२० च्या दशकातली, तिथे सिंथ वापरायचं धाडसच म्हणायचं. दिग्दर्शक ह्यू हडसनला खरं तर त्याचीच जुनी 'लांफां' ही धून हवी होती, हा म्हणाला मी नवीन करतो. त्या नव्या धूनचं रेकॉर्ड अमेरिकेत बिलबोर्डवर १ नंबरला गेलं, फक्त वाद्यसंगीत असून.

संध्यासूर:
वा, मस्त सांगितलंत दोघांनी. आता ऐकायला सुरुवात कुठून करू?

पट्टी_काळी_चार:
आधी '६६६', मग १९७३ चा 'लापोकालिप्स देझानिमो', तोच प्राण्यांच्या मालिकेचा अल्बम. 'ब्लेड रनर' ऐकताना १९९४ चा अल्बमच घ्या, १९८२ ला जो निघाला तो दुसऱ्या ऑर्केस्ट्राने वाजवलेला आहे, त्यात ही बोटं नाहीत.