आरव्ही-१०ची दारं: हवेत दार उडालं की दरवेळी पायलटच दोषी?

सुमेधा_ओरेगन:
आरव्ही-१० म्हणजे व्हॅन्स कंपनीच्या किटवरून आपण स्वतः बांधतो ते चार सीटचं विमान, त्याची दारं वर उघडतात. परवा दुसऱ्या धाग्यावर निळंआभाळ यांनी लिहिलं, "आरव्ही-१०च्या दारांचा लोकांनी उगाच बाऊ केलाय. हँडल नीट दाबलं की दोन्ही पिना बसतात, ज्यांची दारं उडाली त्यांनी चेकलिस्ट वाचली नव्हती. दोन पिनांच्या मधलं तिसरं लॅच (जादा कडी) म्हणजे वजन आणि पैसा वाया." तिथेच दोन ओळी लिहिणार होते, पण डोकं इतकं तापलं की वेगळा धागा काढतेय.

हँडल जागेवर गेलं म्हणजे पिना भोकात गेल्या हे कोणी सांगितलं? हँडल फिरवलं की आतला गिअर पुढची आणि मागची पिन बाहेर सरकवतो, बस. पिन कुठे जातेय ते हँडलला कळत नाही. दार फायबरग्लासचं, त्याची आतली-बाहेरची कवचं आपणच इपॉक्सीने जोडायची, त्यात जरा पीळ राहिला की मागचा खालचा कोपरा चौकटीपासून बाहेर राहतो, मग मागची पिन भोकात न जाता बॉडीच्या बाहेरून सरकते, आणि आत बसलेल्याला हँडल बरोब्बर जागेवर दिसतं. जमिनीवर काही होत नाही. वेग वाढला की छताच्या गोलाईवरून हवा जोरात जाते, बाहेरचा दाब कमी होतो आणि दार बाहेर ओढलं जातं. समुद्रसपाटीच्या हवेत १५० नॉटला डायनॅमिक प्रेशर, म्हणजे वेगामुळे येणारा हवेचा दाब, चौरस मीटरला साधारण ३७० किलो होतं. त्याच्या पावपट ओढ धरा, तरी ९० किलो, आणि ते पेलायला एकटी पुढची पिन. वरच्या बिजागऱ्यांतून दार सुटलं की मागे शेपटी आहेच. दारं उडाली म्हणून तर व्हॅन्सने स्वतः सर्व्हिस बुलेटिन (दुरुस्तीची सूचना) काढून जादा सेफ्टी लॅच दिलं. चेकलिस्टमध्ये "दार बंद" असं लिहून माणूस हँडलच बघणार असेल तर चूक फक्त माणसाची नाही.

निळंआभाळ:
ताई, बुलेटिन होमबिल्टला, म्हणजे स्वतः बांधलेल्या विमानाला, कायद्याने बंधनकारक नसतं. मॅन्युफॅक्चरर म्हणून कागदावर माझं नाव आहे, कंपनीचं नाही, तेव्हा माझं दार, माझी जबाबदारी. आणि बोनान्झाची (कारखान्यात बनणारं छोटं विमान) दारं टेक-ऑफला उघडतात हे सगळ्यांना माहितीये, लोक धावपट्टीभोवती एक फेरी मारून शांतपणे उतरतात. माणसं मरतात ती दार ओढायला वळतात आणि विमान उडवायचं विसरतात म्हणून. ट्रेनिंग द्या ना, लॅचवर लॅच कशाला लावताय?

सुमेधा_ओरेगन:
बोनान्झाची बिजागरी पुढे असते! समोरच्या हवेने ते दार दाबून राहतं, चार बोटांची फट पडते आणि आवाज होतो. आपलं वर उघडतं. दोन्ही एका मापात मोजू नका. दार उघडल्यावर आधी विमान उडवा हे मात्र शंभर टक्के मान्य, त्यावर माझा वाद नव्हताच.

नटबोल्ट_ह्यूस्टन:
दोघंही जोडकामाबद्दल बोला की. मेटलचं विमान बांधतोय म्हणून सुरुवात केली आणि वर्षभर अंगाला खाज घेऊन छताचं आणि दारांचं फायबरग्लास घासतोय. पॉलिश पेपर, मायक्रो (इपॉक्सीत कालवलेलं फिलर), परत पेपर, परत मायक्रो, संपतच नाही. पण एक शिकलो. दाराची कवचं टेबलावर जोडायचीच नाहीत. छत बॉडीवर पक्कं बसवून, त्यावरच दार क्लॅम्प करून इपॉक्सी भरायचं आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही, मग छताची गोलाई दार आपोआप घेतं. अर्ध्या लोकांचा पीळ इथेच येतो. दुसरं म्हणजे सील. जाड रबर लावलं की दार बाहेर ढकललं जातं, पिन कशी जाणार भोकात! मऊ, पोकळ सील घ्या. आणि फट राहिली तर फक्त वाऱ्याचा आवाज येतो असं समजू नका, एक्झॉस्टचा कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये खेचला जाऊ शकतो. सीओ डिटेक्टर लावलाच पाहिजे.

कोथरूडकर:
तुमचं बरंय, तुम्ही लॅचवर भांडताय. अर्ध्याहून जास्त काम स्वतः केलं की तिकडे अमेरिकेत विमान एक्सपेरिमेंटलमध्ये, म्हणजे हौशी बांधकामाच्या वर्गात, जातं. इथे अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ला बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोक फोटो काढून गेले, आणि रजिस्ट्रेशन मिळालं २०१७च्या नोव्हेंबरात, तेही वरून सूत्रं हलल्यावर. त्याचा नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र मोदी देवेंद्र, उगाच नाही पडला. पुण्यात पोरं इंजिनिअरिंग करून बाहेर पडतात, एकाला तरी रिव्हेट मारायला मिळतो का? आधी त्यावर बोला.

जुना_मेकॅनिक:
कागद म्हणजे फालतू वाटतो का तुम्हाला? आयुष्य हँगरमध्ये गेलंय माझं. अमेरिकेतसुद्धा इन्स्पेक्शन होतं, मग बहुतेक वेळा पहिले २५ नाहीतर ४० तास ठरलेल्या भागातच उडवायचं, पॅसेंजर नाही. तिथे खाली मोकळं रान असतं. मुंबईच्या डोक्यावर करायची का टेस्ट फ्लाइट?

कोथरूडकर:
मुंबईवर कोण म्हणालं? धुळ्याला धावपट्टी आहे, बारामतीला आहे. नियम कडक ठेवा, पण लिहून तरी ठेवा की हे हे केलंत तर परवानगी मिळेल. माणसाने उमेदीची वर्षं टेबलाटेबलावर घालवायची आणि तुम्ही वर त्यालाच सुनावणार? तुमच्यासारख्यांमुळेच इथे काही होत नाही.

जुना_मेकॅनिक:
वैयक्तिक होऊ नका. माझ्या सहीवर माणसं उडायची, तेव्हा "होऊन जाईल" म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. नियम स्पष्ट हवेत एवढं तुमचं बरोबर आहे. बाकी नाही.

आणि मूळ विषयावर, सुमेधाताईंच्या बाजूने. गल-विंग (पंखासारख्या वर उघडणाऱ्या) दारांच्या एका चार सीटर विमानाला इंजिन सुरू व्हायच्या आधी मी बाहेरून चक्कर मारत होतो, तर मागची पिन भोकाबाहेर, पत्र्यावर टेकलेली. आतून पायलट अंगठा दाखवतोय, हँडल खाली, सगळं ओके. लॅच नीट बघणारा, व्यवस्थित माणूस होता तो. त्याला चेकलिस्ट कशी वाचवणार होती?

निळंआभाळ:
चर्चा डीजीसीएच्या (आपलं विमान नियामक खातं) परवानग्यांवरून परत दारावर आली हे बरं झालं. पिन बाहेर राहून हँडल पूर्ण बसतं हे मी स्वतःच्या दारावर काल मुद्दाम करून बघितलं, बसतं. मधलं लॅच लावतो. पण पायलटने पिन डोळ्यांनी बघितलीच पाहिजे हे माझं म्हणणं मी सोडत नाही, आणि दार नीट बंद नसल्याचा इशारा देणारे लाल दिवे मला पॅनलवर नकोत.

सुमेधा_ओरेगन:
दिवा लावाच, तुमच्या मागे बसणाऱ्याला पिन दिसते, पण ती नीट बसलीय का ते कळत नाही. फक्त स्विच हँडलला लावू नका, पिनेच्या टोकाला मॅग्नेट आणि भोकाच्या पलीकडे रीड स्विच (मॅग्नेट जवळ आलं की लागणारा स्विच), म्हणजे पिन खरोखर आरपार गेल्याशिवाय दिवा विझणार नाही. चारही पिनांना वेगळे.

नटबोल्ट_ह्यूस्टन:
मॅग्नेट इपॉक्सीत बसवायच्या आधी स्विच किती अंतरावरून लागतो ते मोजा, नाहीतर पिन अर्धी गेली तरी विझतो.