वयस्क कुत्रीच्या यकृताची बायोप्सी करावी का?

प्रश्न:
आमची कुत्री तेरा वर्षांची आहे. रक्ततपासणीत एएलटी आणि एएलपी ही यकृताशी संबंधित दोन्ही विकरे (एन्झाइम) वाढलेली आढळली असून डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली आहे. ती अजूनही शेपूट हलवत दारापाशी येते, पण ताटलीतले अन्न हुंगून मागे सरते. या वयात तिला भूल द्यावी का?

उत्तर १:
हे दोन आकडे यकृताला इजा झाल्याचे सुचवतात, ते काम किती करते हे नाही. त्यासाठी उपाशीपोटी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पित्ताम्लांची तपासणी करून घ्यावी. एएलपी स्टेरॉइडमुळे किंवा कुशिंगच्या आजारातही (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होणे) वाढते. बायोप्सीपूर्वी रक्त गोठण्याची चाचणी हवीच. माझ्या मते प्रश्न केवळ वयाचा नाही. निष्कर्षामुळे उपचार बदलणार असतील, तरच तिला हा त्रास द्यावा.

उत्तर २:
आमच्या कुत्र्याचेही यकृत बिघडले होते, पण आम्ही बायोप्सी टाळली. पित्तनलिका अडलेली नाही याची सोनोग्राफीत खात्री झाल्यावर डॉक्टरांनी अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल हे पित्त वाहते ठेवणारे औषध सुरू केले. एक कळकळीची विनंती: प्रथिने आपल्या मनाने कमी करू नका. आम्ही ती चूक केली आणि काही आठवड्यांत त्याच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले. यकृताच्या आजाराचा मेंदूवर परिणाम दिसू लागला, तरच सहसा प्रथिने बेताने कमी करतात. तुमची कुत्री भिंतीला डोके टेकवून उभी राहिली किंवा पोट फुगले, तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. आधी पित्ताम्लांची तपासणी करून घेते. बायोप्सीचे त्यानंतर ठरवू.