गणपतराव देशमुख यांच्या 11 विजयांची नेमकी मोजणी कशी करावी?

प्रश्न : दादरकर वाचक

नमस्कार. आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकात महाराष्ट्र विधानसभेतील ज्येष्ठ सदस्यांवर एक पानभर मजकूर द्यायचा आहे आणि त्यात सांगोल्याचे दिवंगत आमदार गणपतराव देशमुख यांचा परिचय माझ्याकडे आला आहे. शेतकरी कामगार पक्षाच्या तिकिटावर ते एकाच मतदारसंघातून 11 वेळा निवडून आले, हे सर्वत्र वाचायला मिळते. मात्र काही ठिकाणी ते ‘सलग’ 11 वेळा निवडून आल्याचे लिहिलेले असते, तर काही ठिकाणी हा ‘देशातील विक्रम’ असल्याचे म्हटलेले असते. ही दोन्ही विधाने मला पारखून घ्यायची आहेत. शिवाय त्यांचा पक्ष राज्यात आकसत गेला असताना हा एक माणूस मात्र निवडून येत राहिला, याचे कारण केवळ साधी राहणी एवढेच असेल का, याविषयी जाणकारांनी लिहावे.

प्रतिसाद 1 : निवडणुकांचा अभ्यासक, मुलुंड

‘सलग’ हा शब्द कृपया काढून टाका. त्यांच्या विजयांची वर्षे अशी आहेत : 1962, 1967, 1974, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014. मोजल्यास 11 भरतात, परंतु मध्ये दोन पराभव आहेत, एक 1972 चा आणि दुसरा 1995 चा. 1974 चा विजय पोटनिवडणुकीतील आहे. 1972 मध्ये काँग्रेसकडे गेलेली जागा विधानसभेची मुदत संपण्यापूर्वीच रिकामी झाली आणि मतदारांनी गणपतरावांना पुन्हा सभागृहात पाठवले. निवडणूक आयोगाच्या सार्वत्रिक निवडणुकांच्या अहवालांत पोटनिवडणुकांचे निकाल नसतात, त्यामुळे केवळ ते अहवाल चाळणाऱ्याची बेरीज 10 वर येऊन थांबेल. भित्तिपत्रक वाचून कोणी हरकत घेतलीच, तर हे उत्तर हाताशी असू द्या.

‘देशातील विक्रम’ हेही लिहू नये. केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. माणी 1965 ते 2016 या काळात 13 वेळा निवडून आले. 1965 ची केरळ विधानसभा कधी भरलीच नाही, म्हणून ती निवडणूक वगळली तरी 12 उरतात. त्याच राज्यातील ओमन चंडी 1970 पासून पुथुपल्लीतून 12 वेळा विजयी झाले आणि तेही एकदाही न हरता. तमिळनाडूत एम. करुणानिधी यांचे विजय 13 आहेत, मात्र ते वेगवेगळ्या मतदारसंघांतील आहेत. महाराष्ट्रापुरता विचार केला तर 11 ही संख्या गाठणारा दुसरा कोणी नाही, आणि एवढे विधान पुरेसे मोठे आहे.

प्रतिसाद 2 : लालबागचा रहिवासी

वरील तपशिलात एक मुद्दा जोडतो. निवडणुका किती जिंकल्या यापेक्षा त्या कोणत्या वातावरणात जिंकल्या हे पाहिले तर हा माणूस अधिक कळतो. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यानंतरची पहिली विधानसभा निवडणूक 1962 ची. संयुक्त महाराष्ट्र समितीचा 1957 मधील जोर ओसरला होता, मुंबईसह राज्य मिळाल्याचे श्रेय यशवंतराव चव्हाण यांच्या काँग्रेसकडे गेले होते आणि काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या होत्या. शेकापच्या वाट्याला त्या वेळी 15 जागा आल्या, त्यांतील एक सांगोल्याची. म्हणजे त्यांचा पहिलाच विजय वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने झाला. 1972 मध्ये, बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा लाटेत, काँग्रेसने 270 पैकी 222 जागा घेतल्या तेव्हा मात्र ते टिकले नाहीत. 1980 मध्ये पुन्हा इंदिराजींच्या बाजूने कौल गेला, त्या वेळी ते टिकले. हा फरक का पडला, याचे उत्तर सांगोल्याच्या स्थानिक राजकारणात शोधावे लागेल. राज्यपातळीच्या आकड्यांतून ते मिळत नाही.

1995 चा पराभव तर अवघ्या 192 मतांचा होता. विजयी उमेदवार होते काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे 2014 मध्ये तेच शिवसेनेकडून उभे राहिले तेव्हा गणपतरावांनी त्यांना सुमारे 25 हजार मतांनी हरवले. त्या वेळी गणपतरावांचे वय नव्वदीकडे झुकले होते आणि देशभर मोदी लाट होती. या दोन निकालांच्या मधल्या वीस वर्षांत प्रतिस्पर्ध्याने पक्ष बदलला, गणपतरावांनी बदलला नाही.

मुंबईच्या वाचकांसाठी एक जागेचा संदर्भही देता येईल. ते प्रथम निवडून आले तेव्हा विधानसभा रीगल चित्रपटगृहासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरत असे, जिथे आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. नरिमन पॉइंटचे विधान भवन 1981 मध्ये सुरू झाले. दोन्ही सभागृहांत बसलेल्या आणि 2019 पर्यंत कामकाजात भाग घेतलेल्या सदस्याची आठवण तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांना करून द्यायला हरकत नाही.

प्रतिसाद 3 : मूळचा सांगोल्याचा, सध्या मानखुर्द

आमच्याकडे त्यांना ‘आबासाहेब’ म्हणत. एसटीने प्रवास करणारा आमदार, आमदार निवासातली साधी खोली, कार्यकर्त्याच्या घरची भाकरी या गोष्टी खऱ्या आहेत, परंतु मुंबईच्या वर्तमानपत्रांनी त्या इतक्या वेळा छापल्या की बाकीचे काम त्यांच्याखाली झाकले गेले. साधा माणूस म्हणून एखाद्या निवडणुकीत सहानुभूती मिळेल, 11 निवडणुकांत मिळणार नाही. मूळ प्रश्नकर्त्यांनी ही शंका घेतली हे बरे झाले.

सांगोला हा कायमचा अवर्षणग्रस्त तालुका. तिथे राजकारण म्हणजे पाणी, चारा आणि रोजगार हमीची कामे. आबासाहेबांनी या तिन्ही गोष्टी विधानसभेत वर्षानुवर्षे लावून धरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदांमध्ये ते सातत्याने असत आणि कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्यावे ही मागणी तिथून पुढे रेटली गेली. टेंभू आणि म्हैसाळ योजनांची कामे रखडत रखडत झाली, पाणी सर्व गावांना वेळेवर मिळाले असे मी म्हणणार नाही. तरीही मागणी सोडली नाही, हे लोकांनी पाहिले होते. दुसरी गोष्ट सहकारी सूतगिरणीची. शेजारच्या तालुक्यांतील नेत्यांची ताकद साखर कारखान्यांतून आली, आमच्याकडे उसाला पाणीच नव्हते. त्यामुळे सूतगिरणी उभी राहिली, ती चालली आणि महिलांची स्वतंत्र गिरणीही निघाली. राज्यात कित्येक सहकारी गिरण्या बंद पडत असताना हे घडले, म्हणून त्याचे मोल अधिक.

सामाजिक बाजूही टाळू नका. ते धनगर समाजाचे होते आणि तालुक्यात या समाजाची संख्या मोठी आहे. हा आधार त्यांना होता हे उघड आहे. पण तेवढ्यावरच निवडून येता आले असते, तर 1972 आणि 1995 चे पराभव झाले नसते.

प्रतिसाद 4 : नायगावकर

विषय मुंबईतल्या वाचनालयाचा आहे, म्हणून एक तुलना सुचवतो. आमच्या भागाचे आमदार कालिदास कोळंबकर 1990 पासून एकही निवडणूक हरलेले नाहीत. आधी नायगाव, मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 पासून वडाळा, अशा मिळून त्यांचे विजय 9 होतात आणि यातही 2006 ची एक पोटनिवडणूक आहे. डिसेंबर 2024 मध्ये नव्या विधानसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून सदस्यांना शपथ देण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. पण हे विजय शिवसेना, काँग्रेस आणि भाजप अशा तीन पक्षांच्या चिन्हांवरचे आहेत. मी यात दोष काढत नाही, मतदारांनी प्रत्येक वेळी त्यांनाच निवडले आहे. गणपतरावांच्या बाबतीत पक्षाचे नावही तेच राहिले आणि मतदारसंघही तोच, एवढाच फरक वाचकांच्या लक्षात आणून द्यावा.

प्रश्नकर्ता : दादरकर वाचक

सर्वांचे आभार. दोन उपप्रश्न आहेत. ते मंत्री होते का? आणि त्यांची आमदारकी एकूण किती वर्षांची मानावी? 54-55 वर्षे असाही उल्लेख आढळतो.

प्रतिसाद 5 : निवडणुकांचा अभ्यासक, मुलुंड

मंत्री ते दोनदा झाले. 1978 मध्ये शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुख यांच्या आघाडी सरकारात. दुसऱ्या वेळी शेकापचे अवघे 5 आमदार होते आणि 2002 मध्ये पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढून घेतला. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत सत्तेतील काळ थोडा आणि विरोधी बाकांवरचा काळ फार मोठा, हे परिचयात आवर्जून यावे. त्या बाकांवर बसून एवढ्या निवडणुका जिंकणे हेच दुर्मीळ आहे.

वर्षांचा हिशेब सोपा आहे. 1962 च्या आरंभापासून 2019 च्या शरद ऋतूपर्यंत साडेसत्तावन्न वर्षे होतात. त्यांतून 1972 ते 1974 ही सुमारे दोन वर्षे आणि 1995 ते 1999 ही साडेचार वर्षे वजा करा. 1980 मध्ये विधानसभा बरखास्त होऊन राष्ट्रपती राजवट आली होती, ते काही महिनेही वजा करावे लागतील. राहतात सुमारे पन्नास वर्षे. ‘पाच दशकांची आमदारकी’ असे लिहिलेत तर ते चुकणार नाही. 54-55 हा आकडा पराभवाची वर्षे नीट न वगळल्यामुळे आला असावा.

प्रतिसाद 6 : मूळचा सांगोल्याचा, सध्या मानखुर्द

शेवटच्या परिच्छेदासाठी एवढे लिहा. 2019 मध्ये वयोमानामुळे त्यांनी निवडणूक लढवली नाही. नातू डॉ. अनिकेत देशमुख शेकापकडून उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी सोलापूर येथे आबासाहेबांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव केला आणि आजच्या विधानसभेत शेकापचा जो एकमेव आमदार आहे, तो सांगोल्याचाच आहे. घराणेशाहीवर टीका करणाऱ्या पक्षातही अखेर नातूच उभा करावा लागला, हे आमच्याकडचे जुने कार्यकर्ते खासगीत बोलून दाखवतात. भित्तिपत्रकात ते घ्यायचे की नाही, ते आपण ठरवा.