रन म्हणजे धावणे की पळणे? (आणि आमच्याकडचं 'पळून राहिला')

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली होती, सातवीत आहे, सोबत इंग्रजीचा होमवर्क घेऊन आली, रन या शब्दाचे दहा समानार्थी शब्द लिहा आणि वाक्यात उपयोग करा. पोरीने मोबाईल पाहून दहा शब्द पाच मिनिटांत उतरवले आणि मग मला विचारते, मामा, हे सगळे म्हणजे धावणेच ना? मी हो म्हणून मोकळा होणार होतो, पण तेवढ्यात माझी आई खिडकीतून समोरच्या ग्राउंडकडे पाहत म्हणाली, "शेजारचं पोट्टं पा, पहाटपासून पयून रायलं." भाची एकदम ताठ बसली. "पळून? कुणासोबत गं आजी?"

आता नागपूरकरांना यात हसण्यासारखं काय ते कळलंच असेल. आमच्याकडे चालू काळ 'राहणे' लावून होतो. काय करून राहिला बे, जेवून राहिलो, गाडी येऊन राहिली. आईचं गाव आत वऱ्हाडाकडे, त्यामुळे तिच्या तोंडी ळ चा य होतो, पळाला नाही पयाला, नळ नाही नय. म्हणजे पोट्टा पळतोय एवढंच ती म्हणाली. पण पुण्याच्या कानाला 'पळून' ऐकू आलं की डोळ्यासमोर थेट रजिस्टर मॅरेज, आणि वर 'राहिला' म्हणजे आता वेगळी खोली करून राहतो वगैरे. बिचारा तो पोलीस भरतीची तयारी करून राहिला, मुलांना 1600 मीटर असतं ना, त्याचे राउंड मारत होता. (ही भरतीवाली मुलं स्वतः धावतो पण म्हणत नाहीत आणि पळतो पण नाही, 'रनिंग मारतो' म्हणतात. मारतो! आमच्याकडे चक्कर मारतात, गप्पा मारतात, तसं रनिंगही मारतात.)

तिथून मग विषय निघाला तो दुपारपर्यंत. मला जे सुचलं ते असं की इंग्रजीवाला फक्त पाय जोरात हलताना पाहतो आणि रन म्हणतो. मराठी माणूस आधी विचारतो, कुठे चालला, कशाकडे की कशापासून? धावणे संस्कृत धाव् वरून आलं आणि पळणे पलायन वरून, तो पलायनाचा वास अजून गेलेला नाही. भाचीला मी एकच उदाहरण दिलं. शेजारी आग लागली, तो धावून गेला. शेजारी आग लागली, तो पळून गेला. इंग्रजीत दोन्हीकडे रन चालेल, मराठीत एकाचा सत्कार होईल आणि दुसऱ्याला चाळीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. देव पण धावूनच येतो, पळून येत नाही. म्हणून त्याला हाक मारायची तर 'धावा' करायचा. आणि क्रिकेटच्या रनांनाही पेपरवाले धावाच म्हणतात, त्यामुळे शेवटच्या ओव्हरला 12 धावा हव्या असल्या की घरोघरी देवाचा धावा सुरू असतो, हे वाक्य इंग्रजीत करून दाखवा.

अर्थात हा नियम फार ताणू नका. अंगावर धावून येणारा काही मदतीला येत नसतो. आणि सातारा-कोल्हापूरकडे साधं 'पळत जा आणि दूध आण' म्हणतात, त्यात कुणी पलायन करत नाही. पण जोडशब्द बघा किती बारकाईने वापरतो आपण. लग्नघरी धावपळ असते, घरात कुणी आजारी पडलं की धावाधाव होते, आणि लाठीमार सुरू झाला की पळापळ. कोणी आजोबांना ॲडमिट करताना आमची फार पळापळ झाली म्हटलं तर मला तरी वाटेल की आजोबांना सोडून पळाले.

भाचीचे दहा शब्द एकेक घेतले तर स्प्रिंट, जॉग यांना आपल्याकडे सरळ शब्द नाही, सुसाट आणि रमतगमत असं काहीतरी जोडावं लागतं. पण फ्ली आणि बोल्टच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत, पळ काढला, धूम ठोकली, पोबारा केला (हे मूळचं सोंगट्यांच्या खेळातलं दान), सूंबाल्या केला, ढुंगणाला पाय लावून पळाला. हा शेवटचा तिने वहीत लिहायला घेतला होता, आईने थांबवलं. नागपुरात हिंदीच्या संगतीने 'भागला' पण चालतो, पण पुण्यात सांभाळून, तिकडे भागला म्हणजे एकतर थकला नाहीतर दोनाने भागला. लहान मूल दुडुदुडु धावतं, घोडा चौखूर उधळतो, ट्रक पेपरात कायम भरधावच असतो.

आता खरी गंमत म्हणजे पाय सोडून बाकीचा रन. ऑक्सफर्डच्या कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदाचे 645 अर्थ मोजले होते, 2011 साली त्याची बरीच चर्चा झाली होती. त्यातले बरेचसे मराठीत आले की धावणं सोडून चालायला लागतात. इंग्रजी घड्याळ धावतं, आपलं चालतं. दुकान चालतं, मशीन चालते, घर चालवतात. नाक मात्र वाहतं, कपडा रंग सोडतो, सिलिंडर संपतो. निवडणुकीला अमेरिकेत धावतात, इंग्लंडमध्ये उभे राहतात, आपणही उभेच राहतो, आणि समोरच्या पार्टीने नीट समजावलं की 'बसतो'.

रेल्वे मात्र अपवाद. स्टेशनवर हिंदीत गाडी देरी से चल रही है आणि मराठीत तीच गाडी उशिराने धावत आहे. अजनीच्या अलीकडे अर्धा तास उभ्या असलेल्या डब्यात बसून मोबाईलवर 'उशिराने धावत आहे' वाचणं काय असतं ते ज्याने भोगलं त्यालाच माहीत. मेट्रोचंही तसंच, मार्च 2019 मध्ये पेपरात 'नागपुरात मेट्रो धावली' आणि आमच्या गल्लीत 'मेट्रो चालू झाली'.

आणि जिथे मराठी शब्द आठवायच्या आधी रनिंगच तोंडात येतं अशा जागा पण खूप आहेत. जुनी गाडी घ्यायला जा, पहिला प्रश्न, रनिंग किती झालं? सुताराला कडाप्प्याखालच्या पट्टीचा भाव विचारा, रनिंग फुटाने सांगेल. ठेकेदाराचं रनिंग बिल अडकलेलं असतं. आमच्या खालचे काका लोको पायलट होते, ते स्वतःला रनिंग स्टाफ म्हणवतात, रिटायर होऊन सहा वर्षं झाली आणि आता दोन जिने चढायला पाच मिनिटं लागतात, पण रनिंग स्टाफ.

आईने शेवटी अजून एक काढला. ती म्हणे, "धाव तं चाकाले रायते." बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी तापवून बसवतात ती धाव. आणि मोटेच्या विहिरीवर (मोट म्हणजे बैलांनी ओढून पाणी काढायचं चामड्याचं मोठं भांडं) बैल ज्या उतारावरून खाली जातात तीही धाव. भाचीने हे दोन्ही वहीत लिहिले, इंग्रजीच्या वहीत, मराठीत, आणि शाळेत जाऊन त्यावर लाल फुली घेऊन आली. बाकी आठ बरोबर.

मोट आमच्या इकडे मी स्वतः पाहिलेली नाही, आईनेही लहानपणीच पाहिली. तर बुलढाणा, वाशीम, अमरावतीकडचे कोणी असतील तर सांगा, त्या उताराला तुमच्याकडे धावच म्हणतात की अजून काही वेगळं नाव आहे?