पुण्यात झुकता जपानी मेपल

बाणेरच्या अंगणात मधोमध बुटका झुकता मेपल लावायचं म्हणताय, पण जमिनीत नको, मोठ्या कुंडीतच लावा. माझ्या रोपाची बारीक चिरलेली पानं एप्रिलच्या दुपारच्या उन्हात कडेने करपली. तेव्हापासून ते पूर्वेच्या भिंतीशी असतं, फक्त सकाळचं कोवळं ऊन. पाणी तुंबणारी काळी माती अजिबात नको.

आणखी एक, ही रोपं कलमी असतात. कलमाच्या जोडाखालून, म्हणजे मुळाकडच्या साध्या मेपलमधून, सरळसोट, रुंद पानांचा फुटवा आला की लगेच काढा, नाहीतर तोच वरचढ होतो!

खरी अडचण थंडीची. मेपलला लांब, थंड हिवाळ्याची विश्रांती लागते, ती पुण्यात पुरेशी मिळत नाही. जमिनीतच लावायचं असेल तर झुकता बॉटलब्रश घ्या. तो आपलं ऊन आनंदाने सोसतो.